चुन्याच्या रेषेच्या आत

कारंज्याचे मधुकरराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. नुसतं चालण्याचा त्यांना कंटाळा. म्हणून ते हायवेपलीकडच्या मैदानावर म्हाताऱ्यांसोबत चालत फुटबॉल खेळू लागले. या खेळात धावणं हाच गुन्हा.

एकदा गोल झाला आणि सोबत खेळणारे तानबा इतके हसले, की त्यांची कवळी गवतात पडली. या घटनेची 'मैदानी अपघात' अशी नोंद होऊन खेळाडू सुरक्षा समिती बसली. आधी नडगीला पट्ट्या आल्या, मग गुडघ्याला, कोपराला, शेवटी डोक्याला हेल्मेट. हेल्मेटात शिट्टी ऐकू येईना, चेंडू दिसेना. खेळाडू एकमेकांवर आदळू लागले. समितीने यातून योग्य तो बोध घेतला आणि छातीलाही गादी बांधली.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना मधुकरराव म्हणाले, "साहेब, इथं आमाले काई होत नाई. जीव जाते तो हायवे ओलांडतानी. तिथं एखादा गतिरोधक द्या ना."

"रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही. आमची सुरक्षा चुन्याच्या रेषेच्या आत."

"मंग हे हेल्मेट तरी घरापर्यंत नेऊ द्या."

"साहित्य शासकीय आहे. बाहेर नेता येणार नाही."

मधुकररावांनी जन्मभर नियमानं तिकिटं फाडलेली. ते मुकाट्यानं सगळं उतरवून घरी निघत. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई चिडायच्या, "बॉल माराले एवढं चिलखत, अन् ट्रकासमोर नुसती बंडी? काऊन ऐकता त्याईचं?"

"नियम आहे," एवढंच ते म्हणत.

एका संध्याकाळी उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं त्यांना उडवलं. पाय मोडला. अधिकारी धावत दवाखान्यात आले.

"रेषेच्या आत पडलात की बाहेर?"

"बाहेर," मधुकरराव कण्हले.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. नियम पाळल्याचा राग मधुकररावांना त्या दिवशी पहिल्यांदा आला. पण तो कुठं नोंदवायचा, हे त्यांना कळेना.

महिन्याभरात मैदानाला 'शून्य अपघात' पुरस्कार मिळाला. मधुकररावांना व्हीलचेअरवर आणून, फोटोपुरतं हेल्मेट घालून, शाल-श्रीफळ दिलं. समारंभाला जमलेल्या आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग गाड्या काढल्या. वळायची जागा फार लांब, म्हणून उलट्या बाजूनंच निघालो. कडेला मधुकरराव रस्ता ओलांडायला थांबले होते. कुणी थांबलं नाही. पण आपण हॉर्न मात्र आठवणीनं वाजवला.