जस्ताचा थर आणि चार चिठ्ठ्या

आबाजी म्हणजे असा माणूस, की कुणी चहा घेता का विचारलं तर तो 'चालेल का?' असं उलट विचारी. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या सकाळी साजगावच्या कारखान्यात त्यांनी चक्क छाती काढून सांगितलं, "आज पावणेतीनशेला एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही!"

वितळलेल्या जस्तात बुडी मारून लोखंडी पत्रा सरळ वर येई. दोन्ही अंगांनी हवेचा झोत त्याच्यावरचं जास्तीचं जस्त निपटून काढी. या झोताला सगळे 'सुरी' म्हणत. चाक फिरवून हवा वाढवली की थर पातळ, कमी केली की जाड! गिऱ्हाइकाला हवं होतं चौरस मीटरला पावणेतीनशे ग्रॅम जस्त. आबाजींनी अख्खी दिवाळीची सुट्टी पुस्तकातली कोष्टकं वाचून घालवली होती आणि सकाळी स्वतःच्या हातानं दाब लावला होता.

आज गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. साहेबांनी बजावलं होतं, "सगळा माल पास झाला तर सुरी कायमची तुमची. नाहीतर परत गोदामात!" गोदामात आबाजींनी एकोणीस वर्षं उंदरांच्या संगतीत काढली होती.

थर मोजायचं काम प्रयोगशाळेतल्या मोहियुद्दीनचं. पत्र्याचा गोल तुकडा कापून तोलायचा, तेजाबात त्याचं जस्त विरघळवायचं आणि पुन्हा तोलायचा. पाऊण तासाचा खटाटोप! मग नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी यायची.

नऊ वाजता जोडीदार जयवंता पहिली चिठ्ठी घेऊन आला. "आबाजी, दोनशे धा!"

"दोनशे दहा? एवढा पातळ?" कोष्टक चुकलं की आपण?

"भिता काय? हवा कमी करा!"

आबाजींनी चाक फिरवलं. थोड्या वेळानं दुसरी चिठ्ठी. दोनशे शहात्तर!

"हाताला गुण हाय तुमच्या!" जयवंता ओरडला. आबाजींनी जन्मात पहिल्यांदा स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसरी चिठ्ठी. साडेतीनशे!

"अरे, मी मधे हातसुद्धा लावला नाही!"

"मंग काय पत्र्याला बाळसं आलं?"

घाबऱ्याघुबऱ्या आबाजींनी चाक उलटं फिरवलं. लगेच चौथी चिठ्ठी हजर. तीनशे बावन्न!

"अजून फुगतोय हो! पिळा, आणखी पिळा!"

आबाजींनी डोळे मिटून चाक पार शेवटपर्यंत पिळलं. शंभर कुकरांनी एकदम शिट्टी द्यावी तशी सुरी किंचाळली! पत्रा दांडीवरच्या लुगड्यासारखा फडफडू लागला, जस्ताचे थेंब उडाले आणि नेमक्या त्याच वेळी साहेबांबरोबर आत आलेल्या तपासनिसाच्या टोपीला छान चंदेरी टिकली लागली!

लाइन थांबली. मोहियुद्दीनला बोलावणं गेलं. तो शांतपणे म्हणाला, "पहिली चिठ्ठी कालच्या मालाची. राहून गेली होती, म्हटलं पाठवून द्यावी."

"आणि दोनशे शहात्तर?" आबाजींनी दुसरी चिठ्ठी पुढे केली.

"ती आजची पहिली कॉइल, पत्र्याची पहिली गुंडाळी. तुम्ही चाकाला हात लावायच्या आधीची. झकास आली होती हो!"

"साडेतीनशे? तीनशे बावन्न?"

"हवा कमी केलीत ना, त्यानंतरचे तुकडे. दोन्ही एकामागोमाग कापलेले, तुम्ही चाक उलटं फिरवायच्या आधीच."

आबाजींनी चारही चिठ्ठ्या ओळीनं मांडून पाहिल्या. सगळं बरोबर होतं! ते बरोबर असलेलंच आपण सकाळभर दुरुस्त करत बसलो!

तपासनिसानं पहिली कॉइल तेवढी घेतली आणि बाकीच्या नाकारून, टोपी खरवडत तो निघून गेला. साहेब दातओठ खात म्हणाले, "काय करायला हवं होतं, लिहून द्या!"

आबाजींना खोटं लिहिता येत नसे. त्यांनी कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली : 'सकाळी दाब लावल्यावर दिवसभर काहीच करायला नको होतं.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"वा! मग काहीच न करायला तिथे माणूस कशाला हवा?"

दुसऱ्या दिवशी चाक तारेनं घट्ट बांधून टाकलं. ती तार गोदामातून आबाजींनीच काढून दिली.