होटगी रोडवर अडणारी लाल गाडी

"अख्ख्या महाराष्ट्रात मोटारीच्या मनातलं ओळखणारी माणसं दोनच झाली, गौस. एक वारले. दुसरा तुझ्यापुढं उभा हाय."

चनमल्लप्पा बिराजदार हे रोज सकाळी शटर वर करताना सांगत. वारले ते कोण, हे गौसनं एकदा विचारून पाहिलं होतं. "मोठ्या माणसांची नावं सांगत न्हाईत," असं उत्तर मिळालं. सोलापूरच्या सात रस्ता चौकामागच्या गल्लीत त्यांचा गाळा होता आणि गाळ्यावर पाटी होती: 'येथे गाडी दुरुस्त होत नाही. गाडीचा तपास होतो.' पाटीतलं पहिलं वाक्य गिऱ्हाइकांना लवकरच पटे. तपास चनमल्लप्पाअण्णा करत, आणि तपासात जे जे उघडलं जाई ते परत बसवायचं काम गौसचं. बसवून झालं की एखादा नट उरायचाच. अण्णा तो पुरावा म्हणून जपून ठेवत.

त्या सोमवारी गिरिजाबाई आल्या त्या गाडीतून नव्हे, गाडीमागून. गाडी दोन रिक्षावाले ढकलत होते.

गाडी जुनी विलायती, दोनच सीटांची, टप मागं सारता येणारी, लालभडक. गिरिजाबाईंच्या नवऱ्यानं ती हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर बाई स्वतः चालवायला लागल्या. पासष्टी ओलांडलेली बाई, अंगावर इरकल, कपाळावर विभूती, आणि होटगी रोडवर ट्रकला मागं टाकत निघालेली, याचं सगळ्या सोलापूरला कौतुक होतं. त्यांच्या मुलानं, नंदीशनं, मात्र धसका घेतला होता.

"निघते चांगली बघ चनमल्लू," गिरिजाबाई म्हणाल्या. "जरा वेग घेतला की आचके द्यायलीय, अन् बंद. नंदीश म्हणतोय, गाडी बिघडत न्हाय अव्वा, तू बिघडवतीस. आज दुपारी पुण्याचा एकजण गाडी इकत घ्यायला येणार हाय. त्याच्या आत होटगीला जाऊन न थांबता परत आले तर गाडी माझी. न्हाय तर त्याला देऊन टाकणार म्हणतोय." त्यांनी पदरानं गाडीचा आरसा पुसला. "ह्यांच्या मागं माझं म्हणून हे एवढंच हाय रं. घर हाय की, पण घर मला कुटं फिरवून आणतंय?"

अण्णांनी खिशातून भिंग काढलं.

"पेट्रोल इंजिनापातुर पोचत न्हाय," ते म्हणाले. त्या दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव बरोबर वाक्य. ते असं सुरुवातीलाच खर्ची पडलं.

कुठल्याही तपासाआधी टाकीत डोकावायचं, हा अण्णांचा शिरस्ता. गौसनं डिकीवरचं टाकीचं स्टीलचं झाकण फिरवलं. आतून 'सुस्स' असा आवाज आला.

"अण्णा, काय तरी वाजलं बघा."

"सुस्कारा हाय तो. वय झालं की सोडतात. तू पेट्रोल बघ."

पेट्रोल काठोकाठ होतं. अण्णांनी त्यात बोट बुडवलं, चाटलं, थुंकले आणि भेसळ जाहीर केली. गौसनं फिल्टर धुतला, नळी फुंकली, झाकण लावलं. गाडी एका दमात सुरू झाली.

"तपास संपला," अण्णा म्हणाले आणि गिरिजाबाईंशेजारी जाऊन बसले. गौस हत्यारांची पिशवी अडकवून स्कूटरवरून मागं निघाला. विमानतळाची भिंत सरते न सरते तोच लाल गाडीनं आचके दिले आणि कडेला उभी राहिली.

अण्णा डगमगले नाहीत. "भेसळ हा बहाणा होता. खरा गुन्हेगार वर बघ." गौसनं वर पाहिलं. वर सूर्य होता. "सोलापूरचं ऊन! सराईत हाय ते. नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ करतंय."

पुन्हा शिरस्त्याप्रमाणे झाकण उघडलं, पुन्हा 'सुस्स', पेट्रोल जागच्या जागी. गिरिजाबाईंचा टॉवेल ओला करून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला. गाडी लगेच सुरू झाली. उन्हाला मुद्देमालासकट पकडल्याच्या थाटात अण्णा परत आत बसले, आणि थोडं पुढं जाऊन परत उतरले.

मग पाळी आली कार्बोरेटरची. गौसनं तो भर रस्त्यात खोलला, पुसला, जोडला. एक नट उरला. गाडी तरीही सुरू झाली, आणि होटगी समोर दिसायला लागली तशी मेली.

"आता कळलं," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "घातपात. आतल्या माणसाचं काम. अव्वा, तुमचा नंदीश..."

"त्याला बॉनेट कुठल्या बाजूनं उघडतंय ते ठावं न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या आणि समोरच्या किराणा दुकानाच्या सावलीत जाऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आता पुण्याचा माणूस पोचतही आला असेल.

दुकानवाली काशम्मा तेलाचा नवा डबा कॅनमध्ये ओतत होती. तेल गुटुक करून पडे, थांबे, परत गुटुक करी. गिरिजाबाईंना एवढ्या दुःखातही ते बघवेना.

"अगं, दुसरं भोक पाड की डब्याला! वारा आत गेल्याबिगार तेल भाईर कसं येईल?"

काशम्मानं खिळा ठोकला. तेलाची धार सरळ लागली. गिरिजाबाई त्या धारेकडं बघतच राहिल्या.

"गौस, ते सुस्स कवा वाजतंय?"

"झाकण उघडलं की, अव्वा. दर खेपेला."

"अन् त्याच्यामागं गाडी सुरू होतीया. झाकणाला भोक हाय का बघ."

झाकणावर भोक दिसत नव्हतं. दिसत होते विभूतीचे तीन पट्टे, आणि त्यांच्याखाली जुन्या पट्ट्यांची पुटं, भिंतीच्या गिलाव्यासारखी टणक. गौसनं काशम्माच्या पिनेनं खरवडलं. खाली सुईएवढं भोक निघालं, पार बुजलेलं. पेट्रोल जाईल तशी बाहेरची हवा टाकीत यायची ती वाट हीच.

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "दर सोमवारी मीच लावते की रं! आधी बॉनेटला लावायची. दिवाळीत नंदीशनं नवा रंग मारून आणला, अन् म्हणला, रंगाला बोट लावायचं न्हाय. मग म्हटलं, झाकण तर रंगाचं न्हाय."

त्यानंतर गाडी होटगीला गेली आणि सात रस्त्याला परत आली, कुठंही न थांबता. गौसची स्कूटर तेवढी दोनदा मागं पडली.

गाळ्यापुढं नंदीश उभा होता, शेजारी पुण्याचे पाहुणे. "आली व्हय?" नंदीश म्हणाला. "काय झालतं गाडीला?"

गिरिजाबाईंचं तोंड उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या हाती खरा गुन्हेगार लागला होता, तोही कबुलीजबाबासकट. ते आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. अण्णांनी खाकरून बोट वर केलं. ते बोट गिरिजाबाईंच्या दिशेनं जरा हललं, थबकलं आणि आभाळाकडं गेलं.

"ऊन," अण्णा म्हणाले. "उन्हानं टाकीत हवेचा पेच पडलाता. गाडी घरात उभी राहिली की हमखास पडतो. ह्याला एकच इलाज. रोज चालवायची, अन् हात बदलायचा न्हाय. चालवतंय त्यानंच चालवायची."

"मला वाटलंच होतं," नंदीश म्हणाला.

"आमच्याकडे पुण्यात गाडी महिनोन्महिने उभीच राहणार," पाहुण्यांनी मान हलवली. "मग नकोच ही गाडी."

अण्णांकडं एकवार बघून गिरिजाबाईंनी गाडी सुरू केली आणि पाहुण्यांसमोरूनच वळवून नेली.

"अण्णा," लाल गाडी दिसेनाशी झाल्यावर गौस म्हणाला, "इतके तपास झाले, तुमची एक थिअरी कुणाला पटली न्हाय. आज ठरवून खोटं सांगितलात, अन् दोघंबी मान डोलवून गेले की!"

"चुकीचं सांगायचा माझ्याएवढा सराव कुणाला हाय, गौस?" अण्णा म्हणाले, आणि चहा सांगायला निघाले.