समजल्याची सही

धोका माणसाला कळला की तो निम्मा होतो, आणि कळल्याची सही घेतली की उरलेला निम्माही संपतो. या तत्त्वावर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना अकरा वर्षं सुखाने उभा आहे. आम्ही लोखंडी सुट्या भागांवर चकचकीत मुलामा चढवतो. त्यासाठी माल आधी कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून तेल काढायचं, मग ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा. दोन्ही द्रव्यं निळ्या कॅनमधून येतात. दोन्हींपैकी कुठलंही अंगावर पडलं तर कातडी सोलून निघते, आणि एकमेकांत पडली तर उसळून थेट तोंडावर येतात. हे कामगारांना समजावून सांगणं हे माझं काम. (मी महेश. मूळ पद भांडारपाल. सुरक्षा अधिकाऱ्याचा कार्यभार अतिरिक्त आणि तात्पुरता, अकरा वर्षांपासून.)

समजावण्याची आमची पद्धत आदर्श होती. प्रत्येक द्रव्याचं अकरा पानी माहितीपत्रक आहे, सोळा प्रकरणांचं, इंग्रजीत. कामगारांना ते केव्हाही पाहता यावं म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं आहे आणि हरवू नये म्हणून कपाटाला कुलूप आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चार ते चार दहा प्रशिक्षण व्हायचं, त्यात चहा धरलेला. शेवटी मी विचारायचो, "कोणाला काही शंका?" अकरा वर्षांत एकही शंका आली नाही. मग रजिस्टर फिरायचं: 'मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले व ते मला समजले.' गेल्या वर्षी आमच्या कामगारांची समज एकशे चार टक्के भरली. (कामगार अठ्ठेचाळीस, सह्या पन्नास. दोघे काम सोडून गेले होते, पण त्यांना समजणं चालूच होतं.)

या सुरळीत कारभारात एक बेशिस्त होती. तिचं नाव धोंडाबाई. नामपूरकडची, अहिराणी बोलणारी बाई, ठेकेदाराकडून झाडलोटीला आलेली, त्यामुळे रजिस्टरात नाव नाही. रजिस्टरात नाव नाही म्हणजे धोका तिला लागू नाही. तरीही तिने आपलं जुनं लुगडं फाडून कॅनच्या कानांना चिंध्या बांधल्या होत्या. ॲसिडला लाल, कॉस्टिकला पिवळी, साध्या पाण्याला हिरवी. नवा माणूस आला की त्याच्या दंडाला धरून ती टाकीपाशी न्यायची. "लाल नि पिवळी एक जागे करानी नई. करी ते डोया जातीन. समजनं का?" तो मान हलवायचा. "मंग सांग माले, काय समजनं?" आणि त्याने सांगेपर्यंत दंड सोडायची नाही. सही मात्र एकाचीही घेतली नाही. आता पुरावाच नसेल तर याला प्रशिक्षण कसं म्हणायचं?

एका शुक्रवारी आमच्या मोठ्या ग्राहकाचे तपासनीस आले. कपाट पाहून खूश, रजिस्टर पाहून भारावले. मग त्यांना चिंध्या दिसल्या. त्यांनी चार दोष लिहून काढले: चिंधीला दस्तऐवज क्रमांक नाही, मंजुरीची तारीख नाही, सक्षम अधिकाऱ्याची सही नाही, आणि लाल रंगाच्या दोन चिंध्यांत छटेचा फरक आहे. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तासाभरात सगळ्या सतरा चिंध्या सोडवल्या. त्यांना रसायन लागलं होतं म्हणून त्या घातक कचऱ्याच्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, नोंद करून रवाना केल्या. कारखान्याच्या इतिहासात शंभर टक्के नियमाने विल्हेवाट लागलेली ती एकमेव वस्तू.

त्यांच्या जागी त्याच संध्याकाळी आंतरराष्ट्रीय दर्जाची छापील लेबलं लागली. शनिवारी आमच्या वसाहतीला सुट्टी असते. रविवार, सोमवार गेला. मंगळवारपर्यंत टाकीवरच्या वाफेने लेबलांवरची शाई खाऊन टाकली आणि सगळे कॅन सारखेच झाले, निळे आणि वर पांढरा कागद.

मंगळवारी सकाळी नवनाथ ॲसिडची टाकी भरायला गेला. निफाडकडचा, लग्न ठरलेलं, कामावर येऊन तीन आठवडे झालेला. हाताला येईल तो कॅन त्याने उचलला. तो कॉस्टिकचा होता.

टाकी उसळली. "बाई, लय आग व्हतीय! मला दिसत नाय! काहीच दिसत नाय!" असं ओरडत तो खाली बसला. आमच्याकडे डोळे धुण्याचं यंत्र आहे, हिरवंगार, देखणं. (नळजोडणी प्रस्तावित आहे. तोवर त्यात मनी प्लँट ठेवला आहे.) मी यंत्राकडे धावलो आणि मनी प्लँट हातात घेऊन उभा राहिलो. धोंडाबाईने झाडू टाकला, फरशी धुवायचा पाइप ओढला, नवनाथचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी त्याच्या पापण्या ताणून धरल्या आणि पाणी सोडलं. तो हातपाय झाडत होता, ती सोडत नव्हती. रुग्णवाहिका येईपर्यंत वीस मिनिटं ती भिजत तशीच बसली होती. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा त्या पाण्यानेच वाचला. डाव्याने आता फक्त उजेड कळतो.

चौकशी समितीने निःपक्षपातीपणे काम केलं. रजिस्टर काढलं. नवनाथची सही होती, म्हणजे त्याला समजलं होतं, म्हणजे दोष त्याचा. सहीची तारीख तो कामावर येण्याच्या सहा दिवस आधीची निघाली. समितीने यात त्याची उत्सुकता पाहिली. मला मात्र ठाऊक होतं की ती सही माझी आहे. काम अडू नये म्हणून नव्या माणसांच्या सह्या मीच आगाऊ करून ठेवायचो. मला फार वाईट वाटलं. पण रजिस्टरात वाईट वाटण्याचा रकाना नाही, त्यामुळे मी गप्प बसलो.

धोंडाबाईला मेमो निघाला. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र नसताना प्रथमोपचार केला आणि फरशीसाठी मंजूर असलेलं पाणी डोळ्यांसाठी वापरलं. साहेब मनाने मोठे म्हणून त्यांनी सोपी वाट काढली. बाईने रजिस्टरात सही करावी, म्हणजे तिला आधीपासून समजलेलं होतं असं दाखवता येईल. नाहीतर गेटपास जमा करावा. साठीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार? मी रजिस्टर घेऊन गेलो. तिने पदराला हात पुसले आणि पेन बाजूला ठेवला.

"भाऊ, यामा काय लिखेल शे ते पहिले वाचीसन दाखाडा. मंग सही करसू."

"अहो मावशी, सगळे करतात."

"त्या पोऱ्यानी बी करेल व्हती ना?"

मी कपाटाची किल्ली शोधली. (सापडायला चाळीस मिनिटं लागली.) टाकीशेजारी स्टुलावर बसलो आणि ॲसिडचं पत्रक मराठीत सांगत वाचायला लागलो. कारखान्याच्या इतिहासात ते पहिल्यांदाच वाचलं जात होतं, माझ्याकडूनसुद्धा. एकेक करत सगळे जमले. चहा आला, कोणी उठलं नाही. चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं: डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटं पाण्याने धुवावे. सगळे धोंडाबाईकडे पाहायला लागले. ती म्हणाली, "पुढे वाचा."

अकराव्या प्रकरणात होतं: या द्रव्याच्या वाफेत वर्षानुवर्षं बसणाऱ्याचे पुढचे दात झिजतात, खोकला जडतो. माझं टेबल टाकीपासून आठ फुटांवर आहे. माझे पुढचे दात तीन वर्षांपासून झिजताहेत. आमच्या इंदिरानगरच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी लिंबू सरबत सोडलं होतं. रजिस्टरातली पहिली सही, 'समजले', माझीच आहे.

"काय व्हयनं भाऊ?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि खोकलो.

पत्रक संपल्यावर धोंडाबाईने मोठ्या, वाकड्या अक्षरांत नाव लिहिलं. आमच्या रजिस्टरातली ती एकमेव खरी सही आहे, आणि समितीने ती अग्राह्य ठरवली, कारण बाई रकान्याबाहेर गेली होती. गेटपास मात्र राहिला. पुढे परिपत्रक आलं: वाचनामुळे एक तास पन्नास मिनिटं उत्पादन बुडाल्याने यापुढे माहितीपत्रक लेखी परवानगीशिवाय वाचू नये. दुसऱ्या दिवशी कॅनना पुन्हा चिंध्या दिसल्या. लाल चिंध्या आमच्या हिच्या जुन्या साडीच्या होत्या. त्या तिथे कशा आल्या याची चौकशी माझ्याकडेच आहे आणि ती चालू राहील.

त्या रविवारी सुट्टी टाकून घरी होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या राखीताई बाथरूम घासत होत्या, उघड्या हातांनी. ॲसिडची बाटली शेजारी होती. बाटली मूळची थंड पेयाची, लेबल कधीच निघालेलं. सहा वर्षं त्या येतात. सुरक्षा अधिकाऱ्याचं घर असून त्यांना मी कधी चकार शब्द सांगितला नव्हता.

तुम्ही शिकलेले आहात, त्यामुळे तुम्हाला निराळं सांगायला नको. तुमच्या मोरीतली बाटली कुठली आहे, तिच्यावर काय लिहिलं आहे आणि ते तुमच्या मावशींना कोणी वाचून दाखवलं, हे तुम्ही आता उठून पाहणारच आहात. नसेल उठायचं तरी हरकत नाही. तुमची सही मी करून ठेवली आहे.