येसाक्काची चूल यादीत का नव्हती

एका जंगलात, मुलांनो, ओढा होता, साग होते, वाघ होता आणि एक कलासंग्रहालयही होते. वाघाचे नाव ऐकून दचकू नका. तो या गोष्टीत येत नाही. तो संग्रहालयाचा अध्यक्ष होता, त्यामुळे तो संग्रहालयातही कधी येत नसे.

संग्रहालय एका मोठ्या गुहेत होते. गुहेत सात दालने होती आणि दालनांत चित्रेच चित्रे. लांबलांबच्या रानांतून प्राणी ती पाहायला येत. पहिल्या दालनात ते प्रत्येक चित्रापुढे थांबत, मान तिरकी करत आणि "वा" म्हणत. दुसऱ्या दालनात एक चित्र सोडून थांबत. तिसऱ्यात चालता चालताच "वा" म्हणत. चौथ्यात त्यांच्या पोटात कावळे ओरडू लागत. खरे कावळे बाहेर रांगेत असत, ते वेगळे.

पाचवे, सहावे आणि सातवे दालन कोणी नीट पाहिल्याची नोंद नाही. चौथ्या दालनाला मागचे दार होते. सगळे तिथूनच बाहेर पडत.

मागच्या दाराबाहेर जांभळाचे झाड होते आणि त्याखाली येसाक्का राहायची. येसाक्का सायाळ होती. अंगभर लांब लांब काटे, बोलणे तुटक. पण तिच्या हातची ज्वारीची भाकरी, झुणका आणि तव्यावर खरडलेली मिरची खाल्ली, की तिचे काटे कुणाला दिसतच नसत.

"काय आहे जेवायला?" कोणी विचारले की ती म्हणे, "बस. वाढते."

एवढेच. ती कधी संग्रहालयात गेली नव्हती आणि संग्रहालयात आलेला एकही प्राणी तिच्या दारातून उपाशी गेला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता. ती तो बोलून दाखवत नसे. फक्त भाकरी जरा जोरात थापत असे.

आता संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर एक कासव बसत असे. त्याला दिवसभर एकच प्रश्न ऐकावा लागे. "इथं जवळ जेवायला कुठं मिळेल?" चित्रांबद्दल कोणी काही विचारत नसे. कासव प्रत्येकाला "मागे, जांभळाखाली" एवढे दोन शब्द सांगे. पण एका दिवसात तेच दोन शब्द चारशे वेळा सांगून त्याचा घसा बसला. त्याने संचालकांकडे तक्रार केली.

संचालक होते धवलराव बगळे. ते एका पायावर उभे राहून विचार करत. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "आपल्याला यादी लागेल. मोठ्या जंगलांत प्रत्येक संग्रहालयाच्या दाराशी यादी असते. जवळची दहा उत्तम ठिकाणे."

यादीचे काम रंगनाथ सरड्याला दिले गेले. रंगनाथ जिथे बसे तिथला रंग घेई आणि ज्याच्याजवळ बसे त्याचे मत घेई. त्यामुळे त्याला सगळे जाणकार समजत.

रंगनाथने संग्रहालयाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग येसाक्काकडे बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि धवलरावांकडे आला.

"साहेब, जवळपास जेवायचं ठिकाण एकच आहे."

"एकाची यादी होत नाही, रंगनाथ. त्याला पत्ता म्हणतात."

रंगनाथ लगेच बगळ्यासारखा पांढरा झाला आणि म्हणाला, "बरोबर आहे."

मग तो पुन्हा निघाला. ओढ्याकाठी एक मोठा काळा खडक होता. त्यावर शेवंताबाई नावाची घोरपड ऊन खात पडलेली असे. रंगनाथने लिहिले: "पहिले ठिकाण. मोकळी हवा. कोणतीही घाई नाही." पुढे बेडकांचे डबके होते. त्याने लिहिले: "दुसरे ठिकाण. जिवंत संगीत." एका ढोलीत घुबड दिवसभर झोपे. तिथे लिहिले: "तिसरे ठिकाण. मोजक्यांसाठीच. बहुधा बंद असते." असे करत करत नऊ झाली.

दहावी येसाक्का सहज बसली असती. पण रंगनाथने विचार केला, लोक येसाक्काकडे जेवले तर बाकीच्या नवांचे काय होईल? शेवटी त्याने लिहिले: "दहावे ठिकाण. लवकरच."

सागाच्या मोठ्या पानावर लिहिलेली ती यादी दाराशी टांगली गेली.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई डोळे उघडून पाहते, तर तिच्या खडकावर सहा माकडे शिस्तीत बसलेली.

"काय मिळेल?" त्यांनी विचारले.

"इथं? मी आहे," शेवंताबाई म्हणाली.

"आणि?"

"ऊन आहे."

माकडांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांतले सर्वांत शिकलेले माकड म्हणाले, "सहा ऊन द्या."

त्यांनी तासभर ऊन खाल्ले. जाताना माकडे म्हणाली, "वेगळाच अनुभव होता." शेवंताबाई आधी चिडली होती. पण असे कौतुक तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले होते. आठवड्याभरात ती नारळाच्या करवंटीत कोमट पाणी घालून त्यावर कडुनिंबाचे एक पान तरंगत ठेवू लागली. पाहुणे ते घोट घोट पीत आणि म्हणत, "याची चव कळायला वेळ लागतो."

डबक्यावर बेडूक पाहुण्यांना कमळाच्या पानावर नुसतेच पान वाढू लागले. घुबडाच्या ढोलीपुढे तर दोन दोन तास रांग लागे. ढोली उघडत नसे. त्यामुळे तिची कीर्ती सर्वांत जास्त पसरली.

आणि येसाक्का?

पहिल्या दिवशी तिच्याकडे पंगत निम्मी झाली. चौथ्या दिवशी एक म्हातारा ससा आला. त्याला वाचता येत नव्हते. आठव्या दिवशी कोणीच आले नाही. येसाक्काने थापलेल्या भाकऱ्या पाहिल्या. मग तिने मिरची खरडली आणि डोळ्यांना पाणी आले. ते मिरचीचे आहे असे तिने स्वतःला सांगितले.

"खोऱ्यात बहीण आहे माझी," ती जांभळाला म्हणाली. "तिच्याकडं जाते. इथं आता कुणाला भूक लागत नाही."

ती तवा बांधायला उठली, तेवढ्यात तिच्या कुडाच्या भिंतीला शिंक आली.

येसाक्काने नीट पाहिले. भिंतीला दोन डोळे होते.

"रंगनाथ?"

"हळू बोल, आक्का," भिंत म्हणाली. मग ती हिरवी झाली आणि तिला पाय फुटले. "एक भाकरी देतेस का? यादी मी केली, म्हणून मला सगळ्यांसमोर त्या नऊ ठिकाणीच जेवावं लागतं. आठ दिवस झाले. काल मी कमळाचं पान दुसऱ्यांदा मागून घेतलं."

त्याच्या बरगड्या दिसत होत्या. येसाक्काने निमूटपणे वाढले. तो दोन्ही हातांनी जेवला. चौथ्या भाकरीला तिने विचारले, "अरे, एवढं आवडतं, तर माझं नाव का नाही घातलंस यादीत?"

रंगनाथचा घास हातातच राहिला. "नाव घातलं तर गर्दी होईल, आक्का. मग मला जागा कुठं मिळणार?"

येसाक्काचे सगळे काटे उभे राहिले. तिने पळी उचलली. पण रंगनाथ तेवढ्यात म्हणाला, "अजून एक असेल का गं?" आणि कोणी अजून एक मागितली की येसाक्काला नाही म्हणता येत नसे. तिने पळी खाली ठेवली आणि तवा पुन्हा चुलीवर चढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताबाई आली, डोक्यावरून पळसाचे पान ओढून. "कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "दिवसभर ऊन वाढून वाढून माझीच भूक वाढलीय. पण आपल्याच खडकावर कोण जेवणार?" तिच्या मागोमाग दोन बेडूक आले. त्यांच्या मागे डोळे चोळत घुबड आले, कुडाला एकदा धडकले आणि आत शिरले. आठवड्याभरात नऊच्या नऊही ठिकाणांचे मालक येसाक्काच्या पंगतीत होते. सुरुवातीला ते एकमेकांकडे पाठ करून बसत. मग झुणका पुढे सरकवण्यासाठी वळावेच लागले.

चूल पुन्हा दिवसभर पेटू लागली. फक्त मालकांनी एकमताने एक गोष्ट ठरवली. येसाक्काच्या दाराशी "जेवण तयार आहे" अशी कोळशाने लिहिलेली पाटी होती. ती त्यांनी काढायला लावली.

"आमची अब्रू आहे, आक्का," शेवंताबाई म्हणाली.

येसाक्काने पाटी काढली. पण त्या दिवशी भाकऱ्या जरा कडक झाल्या.

मग थंडीच्या दिवसांत शेवरीच्या माळावरून एक जोडपे आले. रानरेडा जगदेवराव आणि त्यांची बायको इंदुमती. तीन दिवस चालून ते कला पाहायला आले होते. चौथ्या दालनातून बाहेर पडून ते दाराशी पाठ केलेली यादी आठवत निघाले. त्यांनी ऊन खाल्ले. संगीत ऐकून कमळाचे पान पाहिले. ढोलीपुढे दोन तास उभे राहिले.

"सुंदर," जगदेवराव म्हणाले. त्यांचे पाय लटपटत होते. "अगदी हलकं जेवण."

"अहो, ते समोर गवत आहे, तेच खाऊया का?"

"ते संग्रहालयाचं आहे. शोभेचं. चारचौघांत माझी मान खाली घालायला लावू नकोस. अजून सहा ठिकाणं राहिलीत."

ते पुढे गेले. इंदुमती मागे राहिली, कारण तिला वास आला. कुठेतरी ज्वारीची भाकरी फुगत होती. ती वासामागे चालत जांभळापर्यंत आली आणि तिने कुडाच्या आत डोकावले.

आत सगळी मंडळी जेवत होती. शेवंताबाईला तिने ओळखले. बेडकांना ओळखले. घुबडाला पाहिलेच नव्हते, पण अंदाज केला.

"अगं बाई, तुम्ही सगळे इथं?"

शेवंताबाईने तोंडातला घास कसाबसा गिळला. "इथं काही नाही, वहिनी. आमची बैठक चालू आहे. मालकांची. तुम्ही सहाव्या ठिकाणी जा ना, तिथली वाळवी फार छान."

दोन बेडूक दारात आडवे झाले. रंगनाथ घाईघाईने झुणक्याच्या रंगाचा झाला.

येसाक्का चुलीपासून उठली. तिने काटे उभारले. कुडाच्या एवढ्याशा जागेत ते कसे दिसले असतील, तुम्हीच विचार करा.

"व्हा बाजूला," ती म्हणाली. "माझ्या दारात आलेली बाई उपाशी जायची नाही. तुमची अब्रू तुमच्या खडकावर ठेवा." मग इंदुमतीकडे वळून ती म्हणाली, "बस. वाढते."

इंदुमती सात भाकऱ्या जेवली. तीन दिवसांच्या चालीने दुखणारे तिचे खांदे सैल झाले. निघताना येसाक्काने पळसाच्या पानात जगदेवरावांसाठी पाच भाकऱ्या बांधून दिल्या आणि पुष्कळ दिवसांनी प्रथमच काहीतरी मागितले.

"बाई, गावाकडं सांगशील ना? येसाक्काकडं जेवले म्हणून?"

"सांगेन म्हणजे काय! सगळ्यांना पाठवते बघ," इंदुमती म्हणाली. ती हे अगदी मनापासून म्हणाली, मुलांनो. तिला खोटे ठरवू नका.

जगदेवरावांनी पुडी पाहून विचारले, "हे यादीत आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडले. मग एका सागाआड जाऊन पाचही भाकऱ्या संपवल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, "ठीक आहे. साधंच आहे."

तीन दिवस चालून ते घरी पोचले. सगळा माळ जमला. पहिला प्रश्न इंदुमतीच्या जावेने विचारला. "काय गं, पहिल्या ठिकाणी गेला होतात की नाही? खडकावर?"

इंदुमतीने तोंड उघडले. येसाक्काचे नाव तिच्या ओठांवर आले होते. पण पन्नास शिंगे तिच्याकडे वळली होती. एवढ्या लांब जाऊन कुठल्याशा झाडाखाली भाकरी खाल्ली, असे सांगायचे?

"गेलो ना," ती म्हणाली. "काय ऊन होतं, सांगते तुला."

इकडे येसाक्का रोज दुपारी दाराशी येऊन वाट पाही. माळावरून कोणी येते का, याकडे तिचे डोळे लागलेले असत. आणि एके दिवशी खरेच आठ-दहा रानम्हशी आल्या. पुढे इंदुमतीची जाऊ होती.

"कुठून आलात?" येसाक्काने विचारले.

"शेवरीच्या माळावरून."

येसाक्काचे सगळे काटे आनंदाने खळखळले. "इंदुमतीबाईंनी पाठवलं?"

"हो तर! त्यांनीच बजावून सांगितलंय," जाऊ म्हणाली. "काही झालं तरी खडकावरचं ऊन चुकवू नका म्हणाल्या. कुठं आहे हो तो खडक?"

येसाक्काचे काटे एकेक करून खाली बसले. मग तिने ओढ्याकडे बोट दाखवले. म्हशी निघाल्या. जाता जाता एकीने हवा हुंगली आणि म्हणाली, "इथं काहीतरी छान वास येतोय गं." बाकीच्यांनी तिला घाई केली.

आतून शेवंताबाई धावत बाहेर आली. तिच्या ओठांना झुणका लागला होता.

"आक्का, माझं ताट झाकून ठेव," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय."

येसाक्काने ताट झाकले.

तात्पर्य: ज्याला रोज गरम आणि पोटभर जेवायचे आहे, त्याने स्वतःची खानावळ काढावी. मात्र तिथे जेवू नये.