लाईनीतली हवा

"महिनाभर ट्रम्पेट तोंडाला लावायचा नाही," दातांचे डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "फुंकलात तर टाके उसवतील."

तक्रारसाहेबांना यावर बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडात कापसाचा बोळा, जबडा बधिर आणि हिरडी कापून काढलेली अक्कलदाढ समोरच्या ताटलीत. त्यांनी नुसतं "हंऽऽ" केलं. डॉक्टरांनी तो होकार धरला आणि दाराशी बसलेल्या बायकोने तर ती शपथच समजली.

पाणीखात्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून त्यांचे केस पिकले होते, म्हणून सगळे त्यांना तक्रारसाहेब म्हणत. आठवडाभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि रविवारी बागेतल्या हौशी बँडमध्ये ट्रम्पेटमधून सगळी बाहेर फुंकून टाकायची, यावर त्यांची तब्येत टिकून होती. बँडच्या शेवटच्या धुनेत एकट्याने वाजवायचा एक तुकडा होता. तीन बारके सूर, एक लांब, आणि मग एकदम टिपेचा. हा तुकडा वर्षानुवर्षं तक्रारसाहेबांचा. बँडचा मोठा कार्यक्रम बरोबर महिन्याने होता.

गोम अशी, की डॉक्टर त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत आणि त्याच बँडमध्ये दुसरा ट्रम्पेट वाजवत. तक्रारसाहेब बसले, की तुकडा आपसूक डॉक्टरांच्या पदरात.

"एका दाढेला महिना?" जीभ वळायला लागल्याबरोबर ते बायकोला म्हणाले. "यात काहीतरी काळंबेरं आहे. आमच्या शिपायाची दाढ काढली, तो चौथ्या दिवशी शेंगदाणे खात होता."

"तो शेंगदाणे खातो, फुंकत नाही," बायको म्हणाली. तिने ट्रम्पेट पेटीसकट कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "महिना म्हणजे महिना."

पहिले पंधरा दिवस तक्रारसाहेबांनी पेज आणि मऊ भात खाऊन काढले. मग दुखणं थांबलं आणि हुरहुर सुरू झाली. वरचे डॉक्टर जिन्यात भेटत, "काय काका, दाढ कशी आहे?" विचारत, आणि तक्रारसाहेबांना त्या चौकशीत नुसता कावा दिसे. शेवटी एका सकाळी दाढी करताना त्यांना आठवलं, की ट्रम्पेट कपाटात असला तरी त्याचा ओठांना लावायचा माउथपीस दाढीच्या जुन्या डब्यात आहे. त्यांनी बाथरूमला कडी घातली, आवाज बुडावा म्हणून नळ सोडला, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि त्या बोटभर पितळेत हळूच ओठ थरथरवले. फर्र, फर्र, फर्र, फर्रर्रऽ. टाके जागच्या जागी होते. तक्रारसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आठवडाभर हे सुखाने चाललं. मग खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात आडव्या आल्या.

"अरे, तू पाणीखात्यातला ना? माझा नळ रडतोय."

"रडतोय?"

"सकाळी सकाळी. पाइपातून आवाज येतो, फर्रफर्र."

खरं सांगितलं असतं, तर आजींकडून ते बायकोकडे जायला अर्धा जिनाही लागला नसता. तक्रारसाहेबांनी कचेरीतला सूर लावला. "लाईनीत हवा धरली असेल, आजी. जाईल आपोआप."

"आपोआप म्हणजे कधी?"

"रविवारपर्यंत नक्की."

पण आजी आपोआपवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या थेट कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या. "लिहून घे तक्रार."

"आजी, मी शेजारीच राहतो, मी बघतो की!"

"शेजारधर्म घरी. इथे तू सरकार आहेस. लिही. आधी तीन बारीक येतात, मग एक लांब येतो, आणि शेवटी वर जाता जाता तोल जातो."

"तोल जातो?" तक्रारसाहेबांचं पेन थांबलं.

"घसरतो की धाडकन! आज सकाळी घसरला, काल दुपारीही घसरला."

"अजिबात घसरत नाही!" तक्रारसाहेब इतक्या जोरात बोलले, की रांगेतले लोक वाकून बघायला लागले. "म्हणजे… हवा अशी घसरत नसते."

काल दुपारी आपण कचेरीत होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कलावंताला एकदा तोल गेला म्हटलं, की बाकीचं ऐकू येत नाही. त्यांनी तक्रार गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. आजी मात्र जाता जाता मोठ्या साहेबांच्या खोलीत डोकावल्या. मोठे साहेब बाहेर येऊन म्हणाले, "अहो, आपल्याच माणसाच्या इमारतीत ही रड? खात्याची अब्रू जाईल. उद्याच फिटर पाठवतो."

शनिवारी सकाळी फिटर आला, तो छिन्नी, हातोडा, पाना आणि बॅटरी घेऊनच. त्याने आजींचा नळ बघितला, मग पाइपाला कान लावत लावत तक्रारसाहेबांच्या बाथरूममध्ये येऊन पोचला. पाठोपाठ आजी आणि पाठोपाठ बायको.

"साहेब, तुम्ही रजिस्टरला 'लाईनीत हवा' लिहिलंय," फिटर अदबीने म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. भिंत फोडून पाइप कापतो."

"भिंत?" बायको म्हणाली. "अहो, या फरश्या गेल्याच वर्षी बसवल्या! खरंच हवा आहे का? नीट आठवून सांगा."

तक्रारसाहेबांनी शर्टाच्या खिशातला माउथपीस चाचपला. एकीकडे बायकोच्या फरश्या, दुसरीकडे तिला दिलेलं "हंऽऽ". फिटरने छिन्नी भिंतीला टेकवली, हातोडा उचलला.

"थांब!" ते ओरडले. "हवा नाही. मी सांगतो खरं काय ते. हा आवाज…"

आणि पाइप बोलला.

फर्र, फर्र, फर्र. फर्रर्रऽ. मग वर चढता चढता धाडकन घसरला.

"ऐका!" आजी म्हणाल्या. "गेला की नाही तोल?"

तक्रारसाहेब आ वासून पाइपाकडे बघत राहिले. सूर ओळखीचे होते. तोच तुकडा, त्यांचाच. पाइप पुन्हा बोलला आणि त्याच जागी पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा घसरला, तेव्हा त्यांच्याच्याने राहवेना. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी खिशातला माउथपीस काढला, ओठांना लावला आणि पाइपाकडे तोंड करून तुकड्याचा शेवट कसा करायचा असतो तो दाखवून दिला.

वर एकदम सामसूम. मग धपधप पावलं, जिना, दारावरची बेल. दारात डॉक्टर उभे होते. अर्ध्या गालाला साबण आणि हातात माउथपीस.

"काका, तुम्ही फुंकलंत?"

"तुम्ही काय करत होतात?" तक्रारसाहेब गरजले. "दाढ काढून माझा तुकडा पळवलात आणि वर असा घसरवता?"

"पळवला?" डॉक्टर बाथरूमपर्यंत आले आणि पालथ्या बादलीवर बसले. "अहो, त्या तुकड्याने माझी झोप उडवलीय! तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून महिनाभर रोज दोनदा बाथरूममध्ये घासतोय, शेवटचा सूर काही लागत नाही. उद्या भर बागेत फजिती होणार. तुमची जखम लवकर भरावी म्हणून तुमच्यापेक्षा मीच जास्त देव पाण्यात घातलेत."

"मग पंधरा दिवस सांगायचे होते!"

"जखमेला महिना लागतो, काका. मला कितीही घाई असली तरी."

तक्रारसाहेबांना लाज वाटली. चांगलीच वाटली. जिन्यातली ती रोजची चौकशी आठवून तर फार वाटली. "आ करा," डॉक्टर म्हणाले. फिटरने बॅटरी धरली. डॉक्टर, फिटर, आजी आणि बायको, सगळे त्या तोंडात वाकून बघायला लागले.

"भरलीय!" डॉक्टर आनंदाने म्हणाले. "उद्या तुम्हीच वाजवा."

बायकोने पर्समधून किल्ली काढली. ती नवऱ्याच्या तळहातावर मात्र जरा जोरातच आपटली.

पण डॉक्टरांचा तो साबणाचा चेहरा तक्रारसाहेबांच्या डोळ्यांपुढून हलेना. महिनाभर रोज दोनदा म्हणजे काही थट्टा नव्हे. "सुरुवात तुम्ही करा," ते म्हणाले. "शेवटचा सूर मी उचलतो."

रविवारी बाग भरली होती. आजी पहिल्या रांगेत. तुकडा आला, डॉक्टर उभे राहिले. तीन बारीक, एक लांब. तक्रारसाहेबांनी श्वास भरला, ट्रम्पेट ओठांना लावला, आणि पाठीशी भरवशाचा माणूस आहे म्हटल्यावर डॉक्टरांची भीती कुठच्या कुठे पळाली. थांबायचं विसरून ते थेट टिपेच्या सुरावर जाऊन उभे राहिले, स्वच्छ, खणखणीत. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"हवा गेली हो लाईनीतली!" आजी ओरडल्या.

"पुन्हा, पुन्हा!" लोक म्हणाले. डॉक्टर लाजून खाली बसले आणि त्यांनी तक्रारसाहेबांना पुढे ढकललं. तक्रारसाहेब रुबाबात उभे राहिले. तीन बारीक. एक लांब. वर चढले, पण एका माउथपीसवर बाथरूममध्ये फुंकणं वेगळं आणि महिन्याने आख्खा ट्रम्पेट भरणं वेगळं. ओठ थरथरले, सुटले आणि सूर धाडकन घसरला.

मग सगळ्यात आधी हसले ते स्वतः तक्रारसाहेब. इतके हसले, की भरलेल्या जखमेची डॉक्टरांना काळजी वाटली. मग बागही हसली, आणि तिसऱ्यांदा तो तुकडा दोघांनी मिळून वाजवला.

सोमवारी कचेरी उघडली, तेव्हा खिडकीपुढे पहिला नंबर आजींचा होता.

"लिहून घे. लाईनीत पुन्हा हवा धरलीय. शेवटी तोल जातो."

तक्रारसाहेबांनी हसू दाबत पेन उघडलं. "फिटर पाठवू, आजी?"

"फिटर कशाला? वरच्या मजल्यावरचा डॉक्टर पाठव. त्याला येतं आता."