पुलावर भेटलेलं घर

"माझ्या घरातली पाचरसुद्धा माझ्या शब्दाशिवाय हलत नाही," हे सलामियाचं लाडकं वाक्य. ते ऐकलं नाही असं आमच्या लाम बुंगोंग गावात माणूस सोडा, म्हैस नाही.

घर होतंच तसं. अख्ख्या घराला एक खिळा नाही. सोळा खांब दगडांवर नुसते टेकलेले, खांबांत तुळया, तुळयांत पाचरी, आणि वर सागूच्या पानांचं छप्पर. मोठ्या भूकंपात शाळेची पक्की इमारत गुडघ्यात बसली, पण सलामियाचं घर नुसतं करकरलं. जणू कुणीतरी कूस बदलली.

घर तिला आईकडून आलेलं. आमच्याकडे घर बाईचं असतं, नवरा त्यात राहायला येतो. बाकीच्या बायका हे पोटात ठेवतात. सलामियाच्या पोटात काही राहत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिचा नवरा लेमान चार माणसांना म्हणाला, "या ना, माझ्या घरी कॉफी घ्यायला या." पाहुणे येऊन बसले, पेले तोंडाला लागले, आणि पडद्यामागून सलामियाने विचारलं, "कोणाच्या घरी?"

कॉफी पाहुण्यांच्या नाकात गेली. त्या दिवसापासून एकतीस वर्षं लेमानने घराविषयी चकार शब्द काढला नाही. छप्पर गळलं तर तो चटई सरकवून घ्यायचा.

अंगणात दुसरं घर होतं तिच्या बहिणीचं, हिंदोनचं. दोघी भांडू नयेत म्हणून आईने एकाच सुताराकडून दोन्ही घरं सारखी बांधून घेतली होती. तितक्याच पायऱ्या, तितकेच खांब, दारावर आठ पाकळ्यांचं तेच फूल. तरी भांडल्याच. बारा वर्षांच्या सलामियाने एकदा हिंदोनवर मुसळ फेकलं. हिंदोन खाली वाकली आणि सलामियाच्याच दारावरच्या फुलाची एक पाकळी उडाली. दोन घरांत फरक तेवढाच.

हिंदोन आता लेकीकडे डोंगरात राहायला गेली होती. तिचं घर किनाऱ्याकडच्या एका गुरुजींनी विकत घेतलं. ते उतरवून, ट्रकवर घालून, तिकडे पुन्हा उभं करायचं होतं. आमच्याकडे घरं अशी प्रवास करतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दाऊद सुताराला सलामियाने फोनवर सांगितलं होतं, "लग्न झालं की पुढच्या आठवड्यात या. मी असेन, नसेन. अंगणात दोन घरं आहेत, त्यातलं रिकामं उचला. नवऱ्याला विचारत बसू नका, त्याला काही कळत नाही."

लग्न म्हणजे लेक रोहानीचं. रविवारी नवरदेव वाजतगाजत येणार, आणि घर त्या दिवसापासून रोहानीचं होणार. व्याही मंडळी आधी येऊन सगळे सोळा खांब हाताने थोपटून गेली होती. विहीणबाई दारावरच्या फुलाकडे बघत म्हणाली होती, "एक पाकळी गेलीय वाटतं." सलामियाने तिला तिथल्या तिथे सांगितलं, "सात शाबूत आहेत. तुमच्या मुलाचे दात मोजू का?"

तर घर सजवायचं म्हणून सलामियाने ते आतून धुऊन काढलं. त्यासाठी पेट्या, चटया, हंडे, भांडी, एकूण एक सामान हिंदोनच्या घरात हलवलं. मग सोमवारी रोहानीला घेऊन ती भावाच्या गावी आमंत्रणाला निघाली. त्या गावात फोन लागत नाही. निघताना लेमानला म्हणाली, "घराकडे लक्ष ठेवा. नुसतं लक्ष. तोंड घालू नका कशात."

"बरं," लेमान म्हणाला.

बुधवारी मायलेकी वडापच्या गाडीने परत यायला निघाल्या. गाडीत अकरा माणसं, तीन कोंबड्या आणि वाळलेल्या माशांचं एक पोतं. सलामिया खिडकीशी बसून सगळ्यांना आपल्या घराचं कौतुक सांगत होती. नदीवरच्या लोखंडी पुलाशी गाडी थांबली. पूल इतका अरुंद की एका वेळी एकच वाहन जातं, आणि पलीकडून एक ट्रक येत होता. त्यावर खांब, तुळया, फळ्या, आणि सागूच्या पानांचे गठ्ठे दोरीने आवळलेले.

"निघालं बघा कुणाचं तरी घर," सलामिया म्हणाली. "आईबापांनी उभारायचं आणि पोरांनी ट्रकवर घालायचं. त्या घरात बाईमाणूस नसणार. असलं तर मुकं असणार."

"लाकूड मात्र चांगलं दिसतंय, मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"कसलं चांगलं? मळकट आहे. माझे खांब बघा कधी, तोंड दिसतं त्यात."

मासेवाली खिदळली. "आक्का, तुमच्या घरात मग आरसा लागत नसेल."

"लागतो. आमच्या यांच्यासाठी. यांना खांबात बघायची परवानगी नाही."

ट्रक रांगत रांगत जवळून गेला. सगळ्यात मागे दाराची चौकट उताणी बांधलेली होती. रोहानीने आईच्या दंडाला चिमटा काढला.

"आई, पाकळी."

"कसली पाकळी?"

"सात आहेत, आई."

सलामियाने मान वळवून बघितलं. पुढे काय झालं ते मासेवाली अजून सांगते. म्हणते, बाई खिडकीतून उतरली. खिडकीतून कोणी उतरत नाही हे खरं, पण दार उघडल्याचं कुणालाच आठवत नाही. सलामिया वहाणा हातात घेऊन ट्रकमागे धावत सुटली आणि ओरडायला लागली. "थांबव! माझं घर आहे ते! थांबव रे मेल्या!" ट्रकमध्ये गाणी लागलेली. ती ओरडत राहिली. नदीकाठच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पाव मैलावर रस्त्यात एक खड्डा आला, ट्रकने वेग कमी केला आणि सलामियाची वहाण ट्रकच्या काचेवर बसली.

दाऊद सुतार खाली उतरला. "काय झालं, आक्का? तुमचंच काम चाललंय."

"हे माझं घर आहे!"

"दुसरं कुणाचं असणार? तुम्हीच विकलंत."

"विकलं ते हिंदोनचं! हे माझं! आणि पुढच्या आठवड्यात म्हटलं होतं ना?"

"ट्रक आधी मिळाला. आणि तुम्हीच म्हणालात, रिकामं उचला. हे रिकामं होतं, दुसऱ्यात भांडी होती." दाऊदला काही उमजेना. "तरी मी तुमच्या मालकांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घराचं मला विचारू नका, मी इथे पाहुणा."

सलामिया खूप काही बोलणार होती. तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. ओरडून ओरडून गळा पार बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा दाऊद सुताराने तिच्यासमोर आपलं वाक्य पुरं केलं, आणि त्याचं त्यालाच चुकल्यासारखं वाटलं.

ट्रक वळवायला तिथे जागा नव्हती. तो उलटा उलटा पुलावरून परत निघाला. मागून वडापची गाडी, तिच्यामागे केळ्यांचा टेम्पो, त्यामागे दोन बैल. सलामिया ट्रकमध्ये आपल्या चौकटीवर बसून आली, गरज पडली तर चौकटीसकट पळता यावं म्हणून.

अंगणात सोळा दगड होते. सोळा दगड, पाय धुवायचा रांजण, आणि रांजणाशेजारी लेमान. डोक्यावर छप्पर नसल्यामुळे त्याने छत्री धरली होती.

सलामियाने दोन्ही हात आकाशाकडे नेले, दगडांकडे आणले, आणि मग लेमानच्या गळ्याच्या दिशेने नेले.

"ती विचारतेय, तुम्ही थांबवलं का नाही," रोहानी म्हणाली.

"मी कोण थांबवणार?" लेमान शांतपणे म्हणाला. "घर तिचं. मला वाटलं, तिने काही ठरवलं असेल. मला सांगून ती कधी काही ठरवत नाही. तोंड घालू नका म्हणाली, नाही घातलं. लक्ष ठेवा म्हणाली, ठेवलं. तिन्ही दिवस हललो नाही इथून. कॉफीपण दिली त्यांना."

"आणि छपराची दोरी कुठे कापायची तेपण दाखवलं काकांनी," दाऊदचा एक माणूस कौतुकाने म्हणाला. "एका घावात अर्धं छप्पर खाली आलं."

लेमानने छत्री जराशी पुढे ओढून घेतली.

तेवढ्यात गावचा केउचिक आला. तो गावचा मुखिया, भला माणूस, पण मिटवामिटवी करायची त्याला भारी हौस. "सलामिया, आज बुधवार. रविवारी नवरदेव दारात. दार कुठाय? माझं ऐक, हिंदोनचं घर उभंच आहे, अगदी सारखं आहे. रोहानीला ते दे. हे गुरुजींना जाऊ दे."

सलामियाने मान हलवली. एकदा, दोनदा, मग इतकी की डोक्यावरचा पदर खाली आला. ती चौकटीपाशी गेली आणि मोडक्या पाकळीच्या जागी बोट ठेवून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. सलामियाच्या डोळ्यांत पाणी गावाने कधी बघितलं नव्हतं. लग्नघरासाठी चिकट भात घेऊन आलेल्या शेजारणी टोपलीसकट जागच्या जागी थांबल्या.

"शेजारचं घर उतरवताना तुम्ही का नाही विचारलंत?" रोहानी त्यांना म्हणाली.

"तुझ्या आईला विचारायचं?" शेजारीण म्हणाली. "कुणी?"

दाऊद डोकं खाजवत म्हणाला, "चार दिवसांत उभं होईल. पण माझी सहा माणसं पुरायची नाहीत, चाळीस लागतील. आणि हुकूम द्यायला एक माणूस पाहिजे. पहिला खांब घरधन्याच्या शब्दावर उभा राहतो. आक्कांचा तर आवाज गेलाय."

सगळे सलामियाकडे बघायला लागले. सलामियाने दगडांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग लेमानच्या हातातली छत्री काढून घेतली, मिटली, आणि त्याला पाठीत ढोसून पुढे ढकललं.

"मी?" लेमान म्हणाला.

तिने मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं, कारण एकतीस वर्षांची सवय. तिने पुन्हा डोलावली, या वेळी छत्री उगारून.

लेमानने घसा साफ केला. "उचला," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस आमच्या गावात असे गेले की म्हातारी माणसं अजून आठवण काढतात. चाळीसच्या जागी साठ माणसं आली. ओरडा नाही, टोमणा नाही. लेमान एकेका खांबाला हात लावून सांगायचा, हा पूर्वेचा, हा कोपऱ्यातला, या पाचरीला उलटी बाजू आवडते. सगळं घर त्याला पाठ होतं. एकतीस वर्षं दुसरं बोलायचं नसल्यामुळे तो नुसता बघत होता.

सलामिया मागे उभी राहून हातवारे करायची. एकदा तिने दोन्ही मुठी आपटल्या, तुळईकडे बोट दाखवलं, कपाळ बडवलं.

"काय म्हणतात आक्का?" दाऊदने विचारलं.

लेमानने तिच्याकडे नीट बघितलं. "म्हणतेय, छान चाललंय. दमला असाल, कॉफी घ्या."

शनिवारी दुपारी शेवटची पाचर बसली. सलामिया पायऱ्या चढून आत गेली आणि सगळे सोळा खांब एकेक करून थोपटत फिरली. शेवटच्या खांबाला टेकून ती मटकन खाली बसली. घर करकरलं. पूर्वीसारखंच.

रविवारी नवरदेव आला. विहीणबाईने दारातच मान वर करून पाकळ्या मोजल्या. सात भरल्या, तेव्हा आत आली. खांब थोपटत ती लेमानला म्हणाली, "घर अगदी नव्यासारखं दिसतंय हो. कोणाचं काम?"

लेमानने सवयीने तोंड मिटलं. पडदा हलला. सलामियाचा आवाज सकाळीच परत आला होता, ते कुणाला माहीत नव्हतं.

"यांचं," पडद्यामागून आवाज आला. "आजपासून रोहानीचं आहे. कालपर्यंत आमचं होतं. दोघांचं."

कॉफी पुन्हा पाहुण्यांच्या नाकात गेली. या वेळी लेमानच्यासुद्धा.

आठवड्याने दाऊद हिंदोनच्या घरासाठी ट्रक घेऊन आला. सलामिया मुसळ घेऊन आपल्या पायरीवर बसली होती, आणि ट्रक पुलापलीकडे गेल्याची खबर येईपर्यंत तिथून उठली नाही. मग तिने मोठा श्वास सोडला, पाय लांब केले आणि पान लावायला डबा शोधायला लागली. आजीच्या वेळचा पितळी डबा.

"अहो, डबा कुठाय?"

"हिंदोनच्या घरात फळीवर होता," लेमान म्हणाला.

"हिंदोनचं घर गेलं ना आता!"

"हो. फळी गेली, डबापण गेला. मी बघत होतो."

"बघत होतात? बोललात का नाही?"

"घर दोघांचं, तेवढं तू बोलली होतीस," लेमान म्हणाला. "डब्याचं काही ठरलं नव्हतं."

तिचा चेहरा त्याने मनसोक्त बघून घेतला. मग लुंगीच्या घडीतून डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

सलामियाने डबा उघडला. तिने पान लावलं आणि पहिलं नवऱ्याला दिलं. त्यात चुना जरा जास्त पडला. चुकून, असं ती सांगते. लेमानची जीभ दोन दिवस भाजलेली होती, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं.