खोकणारं नाणं

इंदुमतीबाई खातूंना परसात सुरण लावताना सापडलेलं नाणं फरशीवर टाकलं की खोकायचं. आधी दोनदा कोरडं, मग एकदा लांब, आणि शेवटी घसा मोकळा झालाय का ते बघण्यापुरतं.

नाणं वाजायचं सोडून खोकतंय याचं गावात कुणाला फारसं वाटलं नाही. इतकी वर्षं ओल्या मातीत पडून राहिल्यावर दुसरं काय होणार? अडचण नियमाची होती. खोकला कुणाचा ते समजलं, तर नाण्याची ओळख पटली असं धरतात आणि ते सरकारजमा होतं. नाही समजलं, तर किरकोळ आजारी नाणं म्हणून ज्याला सापडलं त्याला परत मिळतं. शेजारी नवे भाडेकरू आले होते. त्यांनी भिंतीपलीकडून खोकला ऐकून तालुक्याला कळवलं आणि बाईंना नाण्यासकट बोलावणं आलं.

खोकला बाईंच्या यजमानांचा होता. भास्करराव जन्मभर मिरची कांडपाची गिरणी चालवून गेल्या शिमग्यात वारले, आणि तेव्हापासून घर इतकं गप्प झालं होतं की बाईंना ते सोसत नसे. त्यांना नाणं हवं होतं. म्हणून काही झालं तरी ओळख दाखवायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

नाणेतपासनीस धायगुडे सौम्य गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावून पाहिलं. शिवराई नव्हे, ढब्बू पैसाही नव्हे, एक बाजू पार झिजलेली. सरकारी डॉक्टरांनाही बोलावलं होतं. एक्स-रे काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं म्हणून ते निघून गेले.

मग धायगुड्यांनी नाणं शहाबादी फरशीवर टाकलं. ते खोकलं.

"हा खोकला आपल्या ओळखीचा आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

लाकडी स्टुलावर टाकलं. बाईंनी खिडकीबाहेरच्या पोफळीकडे बघत पुन्हा नाही म्हटलं. नियमाने तीनदा बघावं लागतं, एवढं झालं की घरी घेऊन जा, असं धायगुडे म्हणाले. बाईंनी पिशवीचं तोंड उघडूनच ठेवलं.

तिसऱ्या खेपेला नाण्याला ठसका लागला. खोकत खोकत ते टेबलाखाली घरंगळत गेलं आणि तिथेही खोकतच राहिलं. काही केल्या थांबेना.

"अहो, पाणी देऊ का?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

धायगुड्यांनी वाकून नाणं उचललं. ओळख पटली, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. बाईंना स्वतःचा भयंकर राग आला. शिपायाने बशीत पाणी आणलं, नाणं त्यात ठेवलं, तेव्हा कुठे खोकला बसला. बशीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं.

"साधं पाणी चालेल ना?" धायगुड्यांनी विचारलं.

"कोमट लागतं," बाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आणि यांना आडवं निजवू नका. आडवं झालं की उबळ वाढते."

त्यामुळे तालुक्याच्या संग्रहालयात बाकीची नाणी मखमलीवर आडवी असतात, आणि ते एक उभं असतं.